सुभेदारांचा पाण्याचा डबा

मोटार थांबली की सुभेदार खाली उतरून आधी बॉनेटवर हाताची पालथी बाजू टेकवायचे. आजारी पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात, तसं. मग मालक काही विचारोत, उतारू काही विचारोत, उत्तर ठरलेलं. "निवू दे." चहा आला तरी निवू दे, जागेवरून दोन उतारूंची जुंपली तरी निवू दे. एकदा मी माझ्या लग्नाबद्दल त्यांचा सल्ला विचारला, तर त्यालाही हेच उत्तर मिळालं. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. घाई ही गोष्टच अंगात नसलेला, आणि म्हणून आपल्याला चीड आणणारा.

त्यांना सुभेदार आम्हीच केलं होतं. लष्करात ते साधे ड्रायव्हर. मिसर आणि लिबियाच्या वाळूत सामानाच्या लॉऱ्या हाकून परत आले, तेव्हा गावानं परस्पर बढती देऊन टाकली आणि त्यांनी ती नाकारली नाही. खानापूरच्या बाजूच्या आमच्या गावाहून तासगावमार्गे मिरजेला एक खाजगी सर्व्हिस मोटार जायची. तिच्यावर ते ड्रायव्हर लागले. मी आधीपासून तिथं कंडक्टर होतो, सुभेदार मला मास्तर म्हणायचे. तिकिटं फाडायची, हँडल मारायचं आणि वाटेत पाणी मागायचं, ही माझी कामं. त्यातलं तिसरं सगळ्यांत वाईट.

मोटार जुनी होती आणि तहानलेली होती. चढ लागला की रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, वाफ शिट्टी घालायची आणि पाणी उतू जाऊन रस्त्याच्या धुळीत मुरायचं. मग बादली घेऊन मी विहिरीकडं पळायचं. साताऱ्याच्या डोंगरात धो धो पडणारा पाऊस आमच्याकडं येईपर्यंत दमलेला असतो. चैत्रात विहिरींचा तळ दिसतो. अशा वेळी मोटारीसाठी पाणी मागायला गेलं की बायका जे बोलायच्या ते इथं लिहिता येणार नाही. एक म्हातारी तेवढं सभ्य बोलली होती. माणसाला पाजायला नाही आणि ह्यांच्या लोखंडाला पाहिजे, असं म्हणाली. तिचं काय चुकलं?

सुभेदार लढाईवर असताना त्यांची बायको याच मोटारीत गेली. पोटात कळा येत होत्या म्हणून शेजाऱ्यांनी तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला काढलं होतं. म्हसोबाच्या चढावर मोटार उकळून थांबली. मी जवळच्या विहिरीवर पळालो, तर पोहऱ्यात चिखल आला. पुढच्या वस्तीवरून पाणी आणेपर्यंत तिचं सगळं आटोपलं होतं. सुभेदारांना हे कळलं ते रजेवर आल्यावर, गावाच्या वेशीत.

आमच्या मोटारीवर आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी त्या चढावर गाडी उभी केली आणि मला खाली बोलावलं. ती कुठल्या बाजूला बसली होती ते विचारलं. पाणी कुठून आणलं ते विचारलं. मी हात करून वस्ती दाखवली. नंतर त्यांनी हा विषय माझ्याजवळ काढला नाही, पण त्या चढाला लागताना त्यांचं बोलणं बंद व्हायचं.

त्यांना एकच मुलगी. औंधाकडं दिलेली. लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आपला रिवाज. सुभेदारांनी तिच्या सासूला सांगून पाहिलं की माझ्या घरात बाईमाणूस नाही, आमच्या गावाला पाणी नाही, पोरीला इथंच ठेवा. सासूबाई म्हणाल्या, आई नसली तरी माहेर ते माहेर, लोक आम्हाला नावं ठेवतील. पोरगीही हट्टाला पेटली होती. आली. वैशाखात बाळंत होणार होती.

त्या दिवसापासून हा निवू दे म्हणणारा माणूस बदलला. जेवताना उठायचा, गाडीभोवती फिरायचा, रेडिएटरमध्ये डोकावायचा. एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, पोरगी अडली तर ह्याच गाडीतनं न्यायची हाय. अन् ही गाडी मला म्हसोबाच्या चढावर दगा देनार. मला डबा बसवायचा हाय."

डबा म्हणजे काय, ते त्यांनी मला काडीनं धुळीत काढून दाखवलं. वाळवंटात पाण्याचा थेंब मोलाचा. तिथं गाड्यांच्या अंगाला एक डबा बांधलेला असायचा. रेडिएटरच्या तोंडातून एक नळी निघायची, ती डब्यातल्या पाण्यात बुडालेली. गाडी तापली की उतू जाणारं पाणी आणि वाफ नळीतून डब्यात. गाडी निवली की तेच पाणी नळीतून परत रेडिएटरमध्ये. पोर दूध ओढतं तशी गाडी आपलं पाणी ओढून घेते, असं ते म्हणाले. अट एकच. रेडिएटरच्या टोपीतून जरासुद्धा वारा आत शिरता कामा नये. वारा मिळाला की गाडी वाराच ओढते, पाणी डब्यात तसंच राहतं.

मालकांनी ऐकून घेतलं आणि स्टँडावर सगळ्यांसमोर हसले. लढाईवर जाऊन आलेल्यांच्या डोक्यात वाळू जाते, असं म्हणाले. त्या दिवसापासून आमचे सुभेदार गावाच्या लेखी उंटावरचे शहाणे झाले. आधीच ते मिसर देशातून आलेले, त्यामुळे ही म्हण लोकांना फारच आवडली. शेवटी मालक म्हणाले, गाडी बिघडली तर नोकरी गेली समजा, मग काय घालायचा तो गोंधळ घाला. सुभेदार एवढ्यालाच परवानगी समजले.

डबा रॉकेलचाच घेतला. पत्र्याच्या सांध्यांना शिशाचा डाग त्यांनी स्वतः दिला. पत्र्याचं काम करणारे चाचा त्यांना डाग द्यायचा खया आणि शिसं द्यायला तयार होते, काम करून द्यायलाही तयार होते, पण सुभेदार म्हणाले, ह्याला माझाच हात लागू द्या. नळीसाठी आम्ही सांगलीची सगळी दुकानं पालथी घातली. लढाईनं रबर खाऊन टाकलं होतं. सायकलची ट्यूब लावून पाहिली, ती ओढ लागली की चपटी व्हायची. अखेर चाचांनीच आपल्या जुन्या भट्टीची तांब्याची नळी काढून दिली आणि वर म्हणाले, "पोरीसाठी हाय न्हवं? मग घेऊन जावा."

पहिल्यांदा सगळं फसलं. तासगावहून आलो, पाणी डब्यात गेलेलं दिसत होतं, गाडी निवली तरी डबा जिथल्या तिथं. टोपीतून वारा शिरत होता. त्यांनी कापडाची चकती लावली, रबराची लावली, काही उपयोग होईना. तोंडाचा रंग उतरला. पोरीला आठवा सरून नववा लागला होता. त्या दिवसांत मी त्यांना जेवताना पाहिलं नाही. एका दुपारी ते रस्त्याकडेच्या मळ्यात शिरले. विहीर आटल्यामुळं तिथली मोट वाळत पडली होती. मोटेचं कातडं पाणी धरून ठेवायलाच कमावलेलं. शेतकऱ्याला विचारून त्यांनी हाताएवढा तुकडा कापून घेतला, करंजेलात भिजवला आणि त्याची चकती करून टोपीत घातली. वरून तार आवळली.

त्या संध्याकाळी गाडी त्यांच्या दारात, लिंबाखाली उभी होती. रोज तिथंच मुक्कामाला असायची. आम्ही दोघं डब्यापाशी उकिडवे बसलो. मुलगी उंबऱ्यात पोटावर हात ठेवून उभी. बराच वेळ काही नाही. मग डब्यात गुडगुड झाली आणि पाणी हळूहळू खाली जाऊ लागलं. सुभेदारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडं बघितलं.

त्यानंतर मोटार म्हसोबाचा चढ न थांबता चढू लागली. कधी वर जाऊन घटकाभर उभी राहायची, आपलं पाणी ओढून घ्यायची आणि चालू लागायची. बादली घेऊन पळणं संपलं. सुभेदारांनी मला, मालकांना, गाडी धुणाऱ्याला, मुलीला, सगळ्यांना बजावलं होतं. "टोपीला हात लावायचा न्हाई. डबा बघायचा. डब्यात पानी हाय म्हंजी गाडीत हाय." टोपीबद्दल त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. डब्याला हात लावू नका, असं मात्र ते कुणालाच म्हणाले नव्हते. ते सुचणार तरी कसं?

अक्षय्य तृतीया, आमच्याकडची आकिती, जवळ आली. त्या दिवशी आपण गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो. आदल्या संध्याकाळी आम्ही मिरजेहून आलो, गाडी लिंबाखाली लावली. ती तापलेली होती. सुभेदारांनी बॉनेटला हात लावला, निवू दे म्हणाले आणि पेट्रोलच्या कुपनांचं बघायला मालकांकडं गेले. मी माझ्या घरी गेलो.

आकितीच्या पहाटेलाच पोरीला कळा सुरू झाल्या. दिवस उजाडल्यावर सुईण बाहेर आली. मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, मिरजेला न्या, एवढंच ती बोलली. मला बोलावणं आलं तेव्हा सुभेदार गाडीत घोंगडी अंथरत होते. त्यांनी डब्यावर वाकून नजर टाकली. डबा काठोकाठ भरलेला होता. ते मला म्हणाले, "मार हँडल." दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांना प्रश्न पडला असता. रातभर निवलेल्या गाडीचा डबा काठोकाठ कसा? तो तर निम्म्यावर असायला हवा. पण आत पोरगी ओरडत होती.

उतारू घेतले नाहीत. सुईण तिच्या उशाशी, मी दाराशी. म्हसोबाच्या चढाच्या मध्यावर वाफेची शिट्टी सुरू झाली. मी सुभेदारांकडं बघितलं, ते पुढंच बघत होते. डब्यातून धबाधब आवाज यायला लागला आणि मग फाटकन डाग सुटला. पाणी रस्त्यावर सांडलं. इंजिन घसटल्यासारखा आवाज करून बंद पडलं.

मी बादली घेऊन पळालो. तीच विहीर. पोहरा कोरडा आला. परत आलो तेव्हा सुभेदारांनी हाताला मुंडासं गुंडाळून टोपी उघडली होती आणि आत बघत होते. तळाला थोडंसं पाणी चरचरत होतं. त्यांच्या डोळ्यांत भीतीपेक्षा नवल जास्त होतं. काल संध्याकाळी भरलेली गाडी. टोपीची चकती शाबूत. एवढं पाणी गेलं कुठं?

तेवढ्यात आतून पोरीनं हाक मारली. कळ ओसरली होती, चेहरा घामानं भिजलेला. "आबा, गाडी का थांबली वं? काल सांजंला तुमचा डबा घासून ठेवला की मी. त्यात लय लाल गढूळ पानी हुतं. तेवढ्या पान्यात सारवून घेतलं. राखंनं चकचकीत केला अन् माझ्या वाटचं ताजं पानी भरलं. आकितीचं. आईच्या नावानं."

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. गाडी तापलेली असताना तिनं डबा रिकामा केला. ती सारवण करीत होती, डबा घासत होती, तोवर गाडी निवत होती आणि नळीतून नुसता वारा ओढत होती. नंतर भरलेलं ताजं पाणी डब्यातच राहिलं. आणि आम्ही भरलेला डबा बघून अर्ध्या रिकाम्या गाडीत बसलो होतो. घरात कालचं पाणी शिळं, ते काढून भांडं घासायचं आणि ताजं भरायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. दुष्काळात आपल्या तोंडचं पाणी तिनं त्यात ओतलं होतं.

सुभेदार खिडकीशी गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला. "लय बेस केलंस, पोरी," ते म्हणाले. "डाग कच्चा हुता माझा. मीच दिल्याला. तू नको घोर करू."

लांबून पाण्याला गेलेल्या तीन बाया डोक्यावर घागरी घेऊन येत होत्या. मी हात जोडले. एक थांबली नाही, मान खाली घालून निघून गेली. तिच्या घरीही लेकरं असणार. दोघींनी आत डोकावून पोरीकडं बघितलं आणि घागरी उतरवल्या. आता ओता, असं त्या म्हणाल्या.

आणि सुभेदारांनी ओतू दिलं नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ते तडकतं, मग गाडी कायमची गेली. ते बॉनेटवर हात टेकवून उभे राहिले. आत पोरगी किंचाळत होती. थोरली बाई चिडली. "तुजं काळीज हाय का दगूड? वत की रं," म्हणाली. सुईण ओरडत होती. मी स्वतः त्यांचा दंड धरून हलवला. ते पुटपुटत होते, "निवू दे. निवू दे." त्या शब्दांची मला इतकी वर्षं चीड यायची. त्या दिवशी ते ऐकवेनात. बॉनेटवरचा तो हात त्यांनी काढला तेव्हा पंजावर फोड आले होते.

गाडी निवल्यावर घागरी ओतल्या आणि मिरजेला पोचलो. मुलगी वाचली. मूल गेलेलंच होतं, मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. सुभेदारांनी मान हलवली. ते गाठोडं घेऊन कृष्णेकडं गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही.

गावात आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते डबा उतरवण्याचं. नळी चाचांना नेऊन दिली, जुनी टोपी बसवली. चाचांनी विचारलं तेव्हा सांगितलं, माझा हात कच्चा, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. मालक काय बोलले असतील ते तुम्हीच समजा. स्टँडावर लोक आता हसत नव्हते, ते त्याहून वाईट होतं. बायका पदराआड कुजबुजायच्या, बापाच्या खुळापायी नातू गेला. पोरगी सासरी जाताना त्यांच्या पाया पडली, पण तोंडाकडं बघितलं नाही. ते सगळं मी बघत होतो.

न राहवून एकदा मी बोललो. तिला खरं काय ते सांगा, असं नका वागू, म्हणालो. सुभेदार म्हसोबाच्या चढावर, मोटारीच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "ती बाईमाणूस हाय, मास्तर. रोज सकाळी शिळं पानी वतनार, रोज घागर घासनार. जल्मभर. रोज तिला त्ये याद यील. माझं काय, मी गाडी सोडली की संपलं." मग म्हणाले, "कुनाला बोलायचं न्हाई."

त्यांनी खरंच गाडी सोडली. वाळवंटात लॉऱ्या हाकलेला माणूस सांगलीत हळदीच्या वखारीवर राखणदार म्हणून लागला. मी अधूनमधून जाऊन भेटायचो. ते बाजल्यावर बसलेले असायचे. रस्त्यानं मोटार गेली की कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि कुठं काय बिघडलंय ते मला सांगायचे. फारसे जगले नाहीत. छातीत कफ झाला आणि गेले.

मी दिलेला शब्द पाळला. आता ती मुलगीही राहिली नाही, म्हणून लिहितो आहे.

सुभेदारांच्या तेराव्याला ती आली होती. कडेवर वर्षाची पोर, दुसरी पदर धरून. जेवणं उरकल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मला म्हणाली, "मामा, एक इचारू? त्या दिवशी तुमी हुतासा. आबांचा डाग कच्चाच हुता न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "कच्चाच होता."

ती पोरीच्या केसांतून हात फिरवत होती. डोळे भरून आले होते. "मी त्येंच्याशी नीट बोलले न्हाई कवा परत. पर मनातनं मी त्यास्नी माफ केलं हुतं, मामा," ती म्हणाली. "त्येवढं सांगायचं ऱ्हायलं बगा."

त्यांना ते ठाऊक होतं, असं मी तिला सांगितलं.